चाळीचा फोन

मध्यंतरी आमच्या भुकूमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरचे एक आजोबा गेले. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर बातमी आली, तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली, आणि मी उठून गॅस बंद केला. कढईत मोहरी तडतडत होती.

नवरा म्हणाला, "काय झालं? सिलिंडर संपला?"

"वरचे आजोबा गेले."

"हो, वाचलं मी. पण गॅस का बंद केलास?"

"भिंत एकच आहे ना," मी म्हटलं.

त्याला काही कळलं नाही. त्याचा काय दोष? तो मारुंजीला माझ्या मालकांच्या खोलीत कधी राहिलेला नाही.

मालक म्हणजे घरमालक. आम्ही सगळे भाडेकरू त्यांना नुसतं 'मालक' म्हणायचो. हिंजवडीच्या कंपन्या आल्या तशी त्यांची भाताची खाचरं गेली, आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी तीन मजली इमारत ठोकली. नकाशा कुणाचा, तर त्यांचा स्वतःचा. त्यामुळे एका खोलीत जायला दुसरीच्या स्वयंपाकघरातून जावं लागे, आणि जिन्यातली एक पायरी गुडघ्याइतकी उंच होती. नवीन माणूस तिथे हमखास ठेचकाळायचा. या सिमेंटच्या इमारतीला ते चाळ म्हणत. खाली पार्किंगमध्ये मोटारसायकलींच्या ओळीत त्यांची म्हैस बांधलेली असे. तिने माझ्या स्कूटीचं सीट चाटून चाटून पार फाडलं, म्हणून मी तक्रार केली, तर म्हणाले, "गाड्या काल आल्या. ती आदीपासनं हाय." मग मीच स्कूटी लांब लावायला लागले.

खोल्यांना नंबर नव्हते. जो जिथून आला, ते त्याच्या खोलीचं नाव आणि त्याचंही. मी लातूर. "ए लातूर, मोटार बंद कर, टाकी व्हाऊन चाललीया." "आसाम, कचरा डब्याच्या भाईर कसा?" एकदा लातूरचीच आणखी एक मुलगी खोली बघायला आली. खोली रिकामी होती, मुलगी चांगली होती, पण मालकांनी तिला दारातूनच परत लावून दिलं. म्हणाले, "लातूर भरलं."

किल्ली हातात देण्याआधी ते भाडेकरूच्या घरी फोन करत. त्यांच्याकडे बटणांचा एक जुनाट फोन होता, बंडीच्या खिशात, दोरीने काजाला बांधलेला. तुम्हाला समोर उभं करून तुमच्या घरचा नंबर लावायचा आणि फोनची काही गरजच नाही अशा आवाजात बोलायचं. माझ्या आईला म्हणाले, "मारुंजीवरनं मालक बोलतूया. पोरगी पोचलीया. नळाला पानी हाय. ह्यो माजा नंबर लिवून घ्या. तिचा लागला न्हाई तर ह्येच्यावर करायचा, कवा बी." आईला आधी वाटलं पोलीस ठाण्यातून फोन आलाय. पण नंबर तिने लिहून घेतला, आणि पुढे माझ्यापेक्षा मालकांशीच जास्त बोलायला लागली.

भाषेची अडचण त्यांना कधी वाटली नाही. सावकाश आणि मोठ्याने बोललं की मराठी कुणालाही समजते, अशी त्यांची पक्की समजूत होती. बिजय राहायला आला तेव्हा मी तिथेच पाणी भरत होते. बिजय ओरिसाचा. प्लंबर. अंगाने काटक, बोलायला कमी. मालकांनी त्याच्या घरी फोन लावला. पलीकडून त्याची आई उडियात बोलत राहिली, इकडून हे "व्हय, व्हय, बराबर हाय" करत राहिले. फोन खिशात टाकून म्हणाले, "आई इच्यारतीया, जेवलास का."

मी म्हटलं, "मालक, तुम्हाला कसं कळलं?"

"आई दुसरं काय इच्यारनार?"

मी बिजयकडे बघितलं. तो हसत मान डोलवत होता. खरंच तेच विचारलं होतं.

आणखी एक चाल होती, ती मात्र मला सुरुवातीला अजिबात सोसली नाही. चाळीत कुणालाही घरून कुणी गेल्याची बातमी आली की कुठल्याच खोलीत गॅस पेटायचा नाही. मुळात ही गावाकडची रीत, शेजारी मयत असली की ती उचलेपर्यंत आळीत चूल पेटत नाही. ती माझ्याही गावात आहे. पण मालकांनी ती सगळ्या देशाला लावली होती. आसामच्या एका मुलीची आजी गेली तेव्हाची गोष्ट. मी ऑफिसातून दमून आले होते, पोहे टाकले होते. मालक दारात आले, आत आले, बटण फिरवलं.

"मयत झालीया आन् तू फोडनी देतीस?"

भूक लागली की माझं डोकं ठिकाणावर नसतं. मी म्हटलं, "मालक, मयत आसामात झालीय."

"मग? भिंत एकच हाय न्हवं तुमची?"

मी कढई खाली उतरवली. तेव्हापासून थोड्या थोड्या वेळाने ते त्या मुलीच्या दारात जाऊन विचारत, "न्हेलं का?" ती बिचारी घरी फोन करून विचारायची आणि अजून नाही अशी मान हलवायची. तोवर सगळी चाळ उपाशी. काही जण गुपचूप चौकात वडापाव खाऊन येत. मीही आले, मागच्या गल्लीने, तोंड पुसत. शेवटी मुलगी "ले गये" म्हणाली, तसे मालक जिन्यात उभे राहिले आणि वर बघून म्हणाले, "पेटवा रं गॅस." मग काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पिठलं-भाकरी केली आणि पहिलं ताट आसामच्या खोलीत गेलं. ती मुलगी आल्यापासून कुणाशी फारशी बोलत नव्हती. त्या दिवशी काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून रडली.

मालकांना एकच दुखणं होतं, आणि ते रस्त्यापलीकडे राहत होतं. त्यांचे थोरले भाऊ. मालकांनी बाहेरची माणसं खोल्यांत भरली तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. "गावाची धरमशाळा केली ह्यानं," असं थोरले पारावर बसून सांगत. एका वर्षी गावच्या उत्सवात मालक चाळीतल्या माणसांना महाप्रसादाला घेऊन गेले. पानं वाढून झाली होती. थोरले आले आणि म्हणाले, "ही पंगत भावकीची हाय," आणि सगळ्यांना उठवलं. बिजय त्यांच्यात होता. तो पानाला नमस्कार करून उठला म्हणे. मालकांनी त्या दिवसापासून उत्सवातलं जेवण सोडलं. कधी विषय निघाला की एवढंच म्हणत, "भरल्या ताटावरनं मानूस उठवत न्हाईत." रोज संध्याकाळी म्हशीचं झालं की थोरल्यांच्या घराकडे तोंड करून पायरीवर बसत. एकदा, फक्त एकदा, थोरल्याने या माणसांच्या पंक्तीला बसावं आणि यांच्या हातचं खावं, एवढीच त्यांची मागणी होती. काकू म्हणायच्या, "ह्यांस्नी दुसरं काय बी नको."

आणि आमच्या कंपनीने लघुपटांची स्पर्धा काढली. विषय होता सांस्कृतिक विविधता, वेगवेगळ्या ठिकाणची माणसं एकत्र कशी नांदतात वगैरे. मेल वाचून मला मालक आठवले नसते तरच नवल. माझ्या एका सहकाऱ्याकडे चांगला कॅमेरा होता. ठरलं की चाळीच्या गच्चीवर पंगत घालायची, प्रत्येक खोलीने आपापल्या गावचा एक पदार्थ करायचा, मालक मध्ये बसणार, सगळे हसतखेळत जेवणार, संपला सिनेमा. माझंच डोकं. मला वाटलं काय सोपं आहे.

मालकांना सांगितलं तर ते कितीतरी वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "थोरल्याला बोलवू? क्यामेरा हाय म्हनल्यावर यील त्यो."

आणि थोरले आले. बोलले नाहीत, पण आले. धुतलेलं धोतर, कडक टोपी. कॅमेरा कुठे आहे ते आधी बघून घेतलं आणि त्याच्याकडे तोंड करून बसले. मालक त्यांच्या शेजारी नाही बसले. समोरच्या ओळीत बसले, नीट बघता यावं म्हणून. नव्या नवरदेवासारखे लाजत होते ते.

बिहारच्या दोघांनी लिट्टी केली होती, आसामच्या मुलींनी आंबट वरण, मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, काकूंनी इंद्रायणीचा भात. बिजयने दालमा केला होता, डाळीत भाज्या शिजवून करतात तो. आवाज स्वच्छ यावा म्हणून मी सगळ्यांचे फोन बंद करायला लावले, एका पाटीत गोळा केले आणि पाटी जिन्यात नेऊन ठेवली. हीही माझीच अक्कल. मालकांनी त्यांचा दिला नाही. "ह्यो माजा न्हाई, चाळीचा हाय. ह्यो बंद करायचा न्हाई," म्हणाले. सहकारी वैतागला, पण मी म्हटलं, जाऊ दे.

सुरुवात झकास झाली. बिजय वाढत होता. थोरल्यांनी दालमा बोटाने चाखला, मग भातात कालवला, मग मान वर न करता म्हणाले, "काय म्हनत्यात ह्येला?"

"दालमा, आबा."

"वाढ आजून."

सगळी गच्ची हसली. बिजयही हसला, मोकळा, दात दिसेपर्यंत. मालक बघत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सहकाऱ्याने कपाळाला हात लावला. मालक उठून पाण्याच्या टाकीमागे गेले. "व्हय. व्हय. कवा?" एवढं कानावर आलं. परत येऊन पानावर बसले.

मी विचारलं, "कुणाचा होता?"

"कुनाचा न्हाई. तुमचं चालू द्या."

आम्ही पुन्हा चालू केलं. बिजयने पुन्हा वाढलं, थोरल्यांनी पुन्हा विचारलं, आता जरा कॅमेऱ्याच्या हिशेबाने मोठ्या आवाजात. सगळे पुन्हा हसले. सहकारी मला खुणावत होता. मालकांचा हात पानाकडे जातच नव्हता.

"मालक, जेवा की."

"भूक न्हाई मला."

"भूक नसली तरी घास तोंडाला लावा. सगळे खातायत आणि तुम्ही नुसते बसलाय, कसं दिसतं ते?"

पुन्हा पहिल्यापासून घेतलं. पुन्हा दालमा, पुन्हा हसणं, आता सगळ्यांचं हसणं जरा दमलेलं. मालक भाताकडे बघत बसलेले. उन्हं कलायला लागली होती, प्रकाश जाणार होता, आणि माझा पारा चढला. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मालक, तुमच्या एकट्यापायी सगळ्यांना पुन्हा पुन्हा जेवावं लागतंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं रागावले. मग त्यांनी एक लहानसा घास केला आणि तोंडात घातला. डोळे भरून आले होते. सहकारी हळूच म्हणाला, "वा. कुणी हलू नका."

"झालं?" मालकांनी विचारलं.

"झालं, मालक."

तरी ते बसून राहिले. थोरल्यांनी ढेकर दिली, हात धुतले, टोपी सारखी केली. थोरले पानावरून उठल्यावर मग हे उठले. बिजयजवळ गेले, त्याच्या हातातली पळी काढून घेतली आणि त्याला टाकीपाशी नेलं. तिथून आवाज आला, हळू, त्यांच्याकडून कधी न ऐकलेला. "लेकरा, तुजा बाप गेला."

बिजयचा फोन माझ्या पाटीत बंद होता. म्हणून त्याच्या धाकट्या भावाने चाळीच्या फोनवर केला होता. थोरला मुलगा म्हणजे बिजय येतोय का, तो आला तर अग्नी तोच देईल, पण संध्याकाळचं विमान मिळालं तरच, त्यापुढे ठेवता येणार नाही, एवढं त्याने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं होतं. आणि मालकांना ते नीट समजलं होतं.

बिजयने विचारलं, "फोन कब आया?"

मालक खोटं बोलले नाहीत. "तू ह्यास्नी पयल्यांदा दालमा वाढलास तवा."

"फिर बताया क्यों नहीं?"

"भरल्या ताटावरनं मानूस..." एवढं म्हणून ते थांबले. पुढचं त्यांचं त्यांनाच बोलवलं नाही.

बिजयने गच्चीवर उभ्या असलेल्या थोरल्यांकडे बघितलं. मग खाली जाऊन पाटीतून आपला फोन काढला. सहकाऱ्याने त्याला गाडीत घातलं, पण मारुंजीहून विमानतळ म्हणजे पुण्याचं दुसरं टोक, आणि मध्ये हिंजवडीचा चौक. विमान गेलं. दुसऱ्या दिवशी तो घरी पोहोचला तेव्हा धाकट्याने सगळं उरकलं होतं.

त्या संध्याकाळी मालक एकेका खोलीत गेले. गॅस सगळे बंदच होते, स्वयंपाक केव्हाच झाले होते, तरी प्रत्येक बटण हाताने चाचपून बघत होते. मी गच्चीवर उष्टी पानं गोळा करत होते. थोरले जिन्याशी उभे होते. इतक्या वर्षांनी भावाशी पहिल्यांदा बोलले ते हे: "मला कशापायी बसवून ठिवलंस? ताटावरनं उठलो असतो तर काय मेलो असतो?" आणि काठी टेकत निघून गेले. मालक त्या उंच पायरीवर बसले आणि कितीतरी वेळ उठलेच नाहीत.

पुढचं सांगताना मला आजही मान वर करावीशी वाटत नाही. लघुपट पाठवायचा का, असं सहकाऱ्याने विचारलं. मी म्हटलं, मला विचारू नकोस. हे काय उत्तर झालं? पण तेच दिलं. त्याने पाठवला, आणि तो निवडला गेला. कंपनीच्या हॉलमध्ये दाखवणार, 'कलाकारांना' सन्मानाने आणा, असा निरोप आला. मालकांना नको म्हणता आलं असतं. ते म्हणाले, "बिजय येत आसंल तर मी बी येतो. त्येच्या शेजारी बसतो." बिजय डोक्याचे केस नुकते उगवू लागलेला असा परत आला होता. तो "आऊंगा" म्हणाला. का म्हणाला, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

हॉल थंडगार होता. मालक नवीन सदरा घालून खुर्चीच्या कडेवर बसले होते, एका बाजूला बिजय, एका बाजूला मी. पडद्यावर गच्ची आली. थोरले म्हणाले, "काय म्हनत्यात ह्येला?" हॉल हसला. पडद्यावरचा बिजय पळी हातात घेऊन दात दिसेपर्यंत हसला. खुर्चीतला बिजय वाकून मला हळूच म्हणाला, "ये वाला फोन के बाद का है?"

नाही म्हणायला जीभ रेटेना. मी होकाराची मान हलवली.

तो पुन्हा पडद्याकडे वळला. आपलं हसणं तो शेवटपर्यंत बघत होता. ते बघायलाच तो आला होता.

मग परीक्षकबाई बोलायला उभ्या राहिल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या, मनापासून बोलत होत्या. म्हणाल्या, सगळे जेवतात आणि घरधनी मात्र अन्नाला हात लावत नाही. पाहुण्यांचं पोट भरेपर्यंत तो थांबतो, आणि शेवटी घास घेतो तेव्हा त्याचे डोळे भरून येतात. अनेक संस्कृतींना पोटाशी धरणारा आपला माणूस तो हाच. पहिलं बक्षीस. टाळ्या सुरू झाल्या. सगळे मागे वळून मालकांना शोधायला लागले. मालक माझा हात धरून म्हणाले, "लातूर, मला भाईर न्हे."

आम्ही उठलो तसा सगळा हॉल उठून उभा राहिला. खुर्च्यांमधून मालक खाली मान घालून चालले होते आणि दोन्ही बाजूंनी टाळ्या पडत होत्या. लोकांना वाटलं, किती साधा माणूस. कुणीतरी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय असे मागे घेतले, जणू चटका बसला. मी बाहेर येऊन त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी नुसतं हातात धरलं. लाजेने माणूस आखडतो म्हणतात, ते मी त्या दिवशी बघितलं, आणि ती लाज त्यांच्या एकट्याची नव्हती. बक्षीस सहकाऱ्याने घेतलं. ते कुठे आहे, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीपाशी मालकांनी बिजयला हाक मारली. बंडीच्या काजातली दोरी सोडली, फोन त्याच्यापुढे धरला. "ह्यो आजपासनं तुज्याकडं. माज्या हातात ठिवायच्या लायकीचा मी ऱ्हायलो न्हाई."

"नहीं मालिक," बिजय म्हणाला आणि कामाला निघून गेला. मालकांनी फोन त्याच्या खिडकीत ठेवला. तिथेच तो बरेच दिवस पडून होता. वाजायचा, आम्ही सगळे जिन्यात थांबून ऐकायचो, पण उचलायचं धाडस कुणी करत नव्हतं, मालक तर नाहीच. ते म्हशीकडे तोंड करून उभे राहायचे. एकदा असाच वाजत राहिला, आणि बिजयने खिडकीतून हात घालून तो उचलला. "हां, मां जी. आपकी बेटी ठीक है. नल को पानी है," असं काहीतरी म्हणाला. मालकांच्या खांद्यावरचा टॉवेल खाली पडला, तो त्यांनी उचललाच नाही.

तेव्हापासून फोन बिजयकडे. गॅस बंद करायला मात्र मालकच फिरत. दोघं त्या विषयावर कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही. मालक पंगतीला पुन्हा कधी बसले नाहीत. कुठल्याही खोलीतून ताट आलं तर म्हणायचे, "ठिवा, मागनं खातो." थोरले अधूनमधून येऊन पायरीवर बसायला लागले होते. दोघं भाऊ शेजारी शेजारी बसत आणि रस्त्यावरची वाहतूक बघत. मालकांना हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते त्यांना गिळवत नव्हतं.

पुढच्या वर्षी एका दुपारी मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. फोन बंद. सुरक्षारक्षक धावत वर आला आणि दारातून म्हणाला, "इधर लातूर कौन है?" सगळे हसले. मी उठले.

गेटवर बिजय उभा होता, पाठीला पान्यांची पिशवी, शर्ट भिजलेला. माझं खरं नाव त्याला माहीतच नव्हतं. गेटवर तो लातूर, लातूर करत भांडत होता. मला बघून म्हणाला, "पिताजी को दवाखाने में डाला है. मां जी का फोन था. अभी निकलो. अभी निकले तो मिलेंगे." इकडचं तिकडचं एक अक्षर नाही. मी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसले.

वाकडला लातूरची ट्रॅव्हल्स थांबलेली होती. थांबलेली म्हणजे मालक तिच्यापुढे उभे होते. हातात म्हशीची काठी, खांद्याला माझी बॅग. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मागच्या गाड्या शिव्या घालत होत्या. "पोरगी आल्याबिगर गाडी हलायची न्हाई," एवढंच ते म्हणत होते. मला बघितल्यावर बाजूला झाले, बॅग माझ्या हातात दिली आणि मान खाली घातली.

बिजय खिडकीखाली आला. म्हणाला, "फोन चालू रखना."

त्याच्या मनात टोमणा नव्हता, मला माहीत आहे. पण लातूरपर्यंत मला दुसरं काही ऐकूच आलं नाही.

मी वेळेत पोहोचले. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, मला ओळखलं. "जेवलीस का?" एवढं विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले, तेव्हा मी त्यांच्या उशाशी होते. मी एकटीच मुलगी, अग्नी मीच दिला.

स्मशानातून घरी येऊन पायांवर पाणी घेत होते, तर फोन वाजला. चाळीचा नंबर. पलीकडे बिजय होता. त्याच्या मागून मालकांचा आवाज येत होता, "इच्यार, न्हेलं का? चाळ सकाळपासनं उपाशी हाय म्हनावं."

"ले गये, दीदी?" बिजयने विचारलं.

"हां."

"अग्नी किसने दी?"

आई माझ्याकडे बघत होती. एवढासा शब्द, पण त्या माणसाला तो सांगताना मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मैंने," मी म्हटलं.

मग फोन तोंडापासून लांब धरल्यासारखा आवाज आला. बिजयच बोलत होता, मारुंजीच्या मराठीत, वरच्या मजल्यापर्यंत जाईल असा.

"पेटवा रं गॅस."